गोचिडीच्या पोटात अंडी कशी तयार होतात: वजनकाट्यापासून हॉर्मोनपर्यंत, नव्या विद्यार्थ्यांसाठी

सातारा-सांगली भागात प्राणिशास्त्राच्या किंवा पशुवैद्यकीच्या विद्यार्थ्याला प्रकल्पासाठी विषय शोधायला लांब जावं लागत नाही. कराड-वाळव्याकडच्या संकरित गाईंच्या कासेला, माण-आटपाडीतल्या खिलारांच्या मानेखालच्या पोळीत, म्हशींच्या शेपटीच्या मुळाशी गोचीड असतेच. रक्त पिऊन टम्म झालेली एक मादी दोन-अडीच हजार अंडी घालते आणि मरते. एवढं मोठं काम तिच्या शरीरात कोण सुरू करतं, कोण पुढे नेतं आणि कुठे अडकू शकतं, हे साध्या सामानात बघता येतं. लागतं ते असं: १ मिलिग्रॅमपर्यंत अचूक वजन करणारा काटा (सोनारकामाला वापरतात तसला स्वस्त काटा चालतो), डिसेक्टिंग मायक्रोस्कोप, बारीक टोकाचे दोन चिमटे, आणि तापमान धरून ठेवणारी एक पेटी.

या विषयातले बहुतेक प्रकल्प एकाच ठिकाणी फसतात. गोचीड जनावरावरून काढली त्या वेळी तिचं वजन किती होतं, हे वहीत नसतं. ते नसेल तर पुढे हॉर्मोन टोचा, अंडाशय कापा, अंडी मोजा, कशाचाच अर्थ लागत नाही. का, ते पुढे येईलच.

आधी कीटकांचा धडा बाजूला ठेवा

गोचीड कीटक नाही. पूर्ण वाढ झालेल्या गोचिडीला आठ पाय असतात, ती कोळी-विंचवांच्या कुळातली. पाठ्यपुस्तकात अंड्यांच्या वाढीबद्दल जे वाचलेलं असतं ते बहुधा झुरळाचं, टोळाचं किंवा डासाचं असतं, आणि त्यात ‘ज्युव्हेनाइल हॉर्मोन’ हा मोठा नायक असतो. नवा विद्यार्थी तोच धडा गोचिडीला लावतो आणि प्रकल्पाच्या प्रस्तावनेतच चुकतो. अमेरिकेतल्या कुत्र्यावरच्या गोचिडीत आणि एका मऊ (पाठीवर कठीण ढाल नसलेल्या) गोचिडीत कीटकांचं ज्युव्हेनाइल हॉर्मोन बारकाईनं शोधलं गेलं, ते सापडलं नाही. ते काम २००० साली प्रसिद्ध झालं. २००५ साली त्याच कुत्र्यावरच्या गोचिडीत दाखवलं गेलं की अंड्यांसाठी लागणारं प्रथिन बनवण्याचा हुकूम ‘२०-हायड्रॉक्सिएक्डिसोन’ हे हॉर्मोन देतं.

हे एक्डिसोन घराण्यातलं हॉर्मोन, म्हणजे मुळात कात टाकण्याचं हॉर्मोन. १९५४ साली बुटेनांट आणि कार्लसन यांनी ते रेशीमकिड्याच्या कोषांतून वेगळं काढलं, सुमारे ५०० किलो कोषांतून अवघं २५ मिलिग्रॅम. आपल्या जनावरांवरच्या कठीण पाठीच्या गोचिडीला प्रौढ झाल्यावर पुन्हा कधीच कात टाकायची नसते. तरीही तिच्या अंगात हे हॉर्मोन चढतं, आणि ते अंड्यांसाठी वापरलं जातं.

साखळी थोडक्यात अशी. मादी रक्त पिते, नराशी मीलन होतं. ही खबर तिच्या मेंदूला मिळते. गोचिडीचा मेंदू म्हणजे अन्ननलिकेभोवती एकवटलेला एकच मज्जागोळा, त्याला सिनगँग्लियन म्हणतात. तिथून निघालेला संकेत कातडीखालच्या पेशींच्या थराला मिळतो आणि तो थर एक्डिसोन गटातली हॉर्मोन्स बनवतो. कीटकांच्या अळीत हे काम छातीतल्या खास ग्रंथी करतात. गोचिडीत तशी ग्रंथी शोधत बसू नका, तिथे कातडीच ते काम करते. मग २०-हायड्रॉक्सिएक्डिसोन हिमोलिम्फमध्ये, म्हणजे गोचिडीच्या स्वतःच्या रक्तद्रवात, उतरतं. ते मेदपिंडाला आणि काही जातींत मध्यांत्रालाही (आतड्याच्या मधल्या भागालाही) ‘व्हायटेलोजेनिन’ हे प्रथिन बनवायला लावतं. हे प्रथिन वाहत अंडाशयापाशी येतं, अंडपेशीच्या पृष्ठभागावरचे खास ग्राहक रेणू ते पकडतात आणि आत ओढतात. आत गेल्यावर त्याचं पीतक, म्हणजे अंड्यातला बलक, होतं. गोचिडीला हीम, म्हणजे रक्ताला लाल रंग देणारा लोहयुक्त घटक, स्वतः बनवता येत नाही. ते गाईच्या रक्तातूनच येतं आणि या प्रथिनाला चिकटून अंड्यात जातं. म्हणून पिकलेली अंडपेशी तपकिरी दिसते. हा तपकिरी रंग तुमचा सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत खात्रीचा निर्देशक आहे.

यात दोन वेगळी कामं आहेत हे मनात पक्कं करा: प्रथिन बनवणं आणि प्रथिन आत घेणं. आफ्रिकेतल्या अँब्लिओमा हेब्रिअम या गोचिडीत अर्धवट रक्त प्यालेल्या मादीला हॉर्मोन टोचलं तर पहिलं काम होतं, दुसरं होत नाही. हिमोलिम्फमध्ये प्रथिन भरपूर आणि अंडाशय मात्र पांढरं. आत घेण्यासाठी आणखी एक घटक लागतो असं त्या कामातून पुढे आलं. उलट अमेरिकेतल्या कुत्र्याच्या गोचिडीत फक्त हॉर्मोन टोचल्यावर दोन्ही कामं झाली. त्यामुळे एका जातीचा निकाल दुसरीला चिकटवू नका. २००७ साली त्याच कुत्र्याच्या गोचिडीत ग्राहक रेणूचं जनुक गप्प केलं तेव्हा प्रथिन असूनही अंडपेशी तपकिरी झाल्या नाहीत.

वजनाचा उंबरठा

अँब्लिओमा हेब्रिअमची मादी उपाशी असतानाच्या सुमारे १० पट वजन होईपर्यंत हळूहळू रक्त पिते. मीलन झालेलं नसेल तर ती बहुधा तिथेच थांबते. मीलन झालं असेल तर पुढे झपाट्यानं पिऊन सुमारे १०० पटीपर्यंत जाते. हा जोर देणारा घटक नराकडून येतो, त्याला २००४ साली ‘व्होरॅक्सिन’ हे नाव मिळालं. या १० पटीच्या आत मादी ओढून काढली तर ती पुन्हा जनावर शोधते, अंडी घालत नाही. त्या पलीकडे गेल्यावर काढली तर ती पुन्हा चिकटत नाही. तिच्या लाळग्रंथी काही दिवसांत विरतात, आणि त्या विरवण्यामागेही हेच २०-हायड्रॉक्सिएक्डिसोन असतं. म्हणजे एकच हॉर्मोन खाण्याचं दुकान बंद करतं आणि अंड्यांचं उघडतं.

आता कळेल वजन का लिहायचं. सारख्या दिसणाऱ्या दोन गोचिडी, एक उंबरठ्याच्या अलीकडची आणि एक पलीकडची, एकाच डबीत ठेवल्या तर त्या तुमच्या प्रयोगाच्या दृष्टीनं दोन वेगळे प्राणी आहेत.

पायरी १: जात ओळखा

आपल्याकडे गाईवर सर्वांत जास्त मिळते ती ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस. जुन्या पुस्तकांत तिचं नाव बूफिलस मायक्रोप्लस आहे, २००३ पासून ती ऱ्हिपिसेफॅलसमध्ये गेली. तोंडाचा भाग आखूड, त्याचा पाया षटकोनी, पाय फिकट. ही अळीपासून प्रौढ होईपर्यंत एकाच जनावरावर राहते, साधारण तीन आठवडे. नवशिक्यांनी हिच्यावरच काम करावं.

हायलोमा ओळखायला सोपी: तोंडाचे अवयव लांब आणि पायांवर फिकट पट्टे. ही दिसली तर हात लावू नका. क्रिमियन-काँगो रक्तस्रावी तापाचा विषाणू हायलोमा गोचिडी वाहतात आणि भारतात त्याचा पहिला पक्का उद्रेक २०११ च्या जानेवारीत गुजरातेत झाला. प्रशिक्षित मार्गदर्शक आणि योग्य प्रयोगशाळा नसेल तर हायलोमा कापायची नाही. हीमाफायसॅलिस लहान असते, तिला डोळे नसतात आणि तोंडाकडचे अवयव बाजूला टोकदार फाकलेले असतात. ओळख पक्की होत नसेल तर ७० टक्के अल्कोहोलमध्ये एक नमुना टाका आणि जाणकाराला दाखवा. साताऱ्यातल्या लोकांना शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे.

पायरी २: गोळा करणं

मालकाला पहिला प्रश्न विचारायचा तो औषधाचा. गेल्या तीन महिन्यांत जनावराला आयव्हरमेक्टिन टोचलंय का, डेल्टामेथ्रिन किंवा अमिट्राझची फवारणी झालीय का, पाठीवर ओतायचं फ्ल्युअझुरॉन वापरलंय का? फ्ल्युअझुरॉन कायटिन (गोचिडीच्या बाह्यकवचातला मुख्य पदार्थ) बनू देत नाही. मादी वरून ठणठणीत दिसते आणि अंडी फुटत नाहीत. विद्यार्थ्याला वाटतं हॉर्मोनचा परिणाम सापडला. म्हणूनच खरसुंडीच्या किंवा म्हसवडच्या जनावरांच्या बाजारातून गोचिडी आणू नयेत. भरपूर मिळतात, पण कुणाला कधी काय दिलं हे सांगायला कोणी नसतं.

पूर्ण भरलेल्या माद्या हव्यात तर पहाटे गोठ्यात पोचा. मायक्रोप्लसची मादी शेवटचं मोठं रक्त रात्रीतून पिते आणि बहुतेक सकाळी लवकर गळते. उजाडायच्या आधी गेलात तर काही अंगावरच अलगद सुटतील, काही गव्हाणीखाली मिळतील. अर्धवट भरलेल्या हव्यात तर आदल्या संध्याकाळी जा. त्या चिमट्यानं कातडीच्या अगदी जवळ धरून सरळ, हळू ओढायच्या. पीळ देऊ नका आणि अंगाला चिमटा लावू नका. प्रत्येकीचं तोंड शाबूत आहे का ते भिंगातून बघा. तोंड तुटलेल्या गोचिडीतून द्रव गळत राहतो आणि दोन दिवसांत ती काळी पडते.

हातमोजे घाला, बोटात चिरडून बघू नका. हवा जाणाऱ्या कुपीत किंचित ओलसर टिपकागद टाकून त्यात न्या. जत किंवा माणच्या बाजूनं एप्रिल-मे महिन्यांत मोटरसायकलच्या डिकीत कुपी ठेवून आणल्या तर तासाभरात गोचिडी शिजतात. थर्मोकोलच्या डब्यात ओलं फडकं पुरतं, बर्फ नको.

पायरी ३: धुवा, तोला, गट पाडा

नळाच्या पाण्यात हलवून धुवा, टिपकागदावर फिरवून कोरड्या करा. न धुतलेल्या गोचिडीवर चौथ्या-पाचव्या दिवशी बुरशी चढते आणि एकीची बुरशी सगळ्या डबीला लागते.

मग एकेकीचं वजन. प्रत्येकीला स्वतःची कुपी आणि क्रमांक. गळण्याच्या बेतात असलेल्या मायक्रोप्लसचं वजन साधारण १५० ते २५० मिग्रॅ भरतं. गट असे पाडा: २५ मिग्रॅच्या खाली, २५ ते ७५, ७५ ते १५०, आणि १५० च्या वर. प्रत्येक गटात निदान १० असू द्या, कारण दोन-तीन वाटेत मरतातच. वजन गोळा केल्यापासून दोन तासांच्या आत व्हावं. उशीर झाला तर पाणी उडून वजन घटतं आणि हलक्या गटात खऱ्यापेक्षा जास्त माद्या दिसतात.

मायक्रोप्लसचा नेमका उंबरठा पुस्तकातून उचलू नका, स्वतःच्या नमुन्यावर काढा. तोच पहिला छोटा प्रकल्प होतो: आडव्या अक्षावर काढतानाचं वजन, उभ्या अक्षावर अंड्यांचं वजन. जिथून अंडी सुरू होतात तो भाग आलेखावर स्वच्छ दिसतो.

एक मर्यादा आधीच समजून घ्या. या जातीचं मीलन जनावरावरच होतं, त्यामुळे गोठ्यातून आणलेली मादी कुमारी आहे की नाही हे बाहेरून कळत नाही. कापल्यावर शुक्रग्राहिका, म्हणजे नराचे शुक्राणू साठवणारी पिशवी, बघायची. मीलन झालेल्या मादीत ती भरलेली, पांढरट पिशवी दिसते. कुमारी माद्यांवरच काम करायचं असेल तर जनावरावर गोचिडी वाढवाव्या लागतात आणि त्याला संस्थेच्या प्राणी नीती समितीची परवानगी लागते. पदवीच्या प्रकल्पाला तो मार्ग धरू नका.

पायरी ४: पेटी

तापमान २७ ते २८ अंश सेल्सिअस, आर्द्रता ८० ते ८५ टक्के. झाकणाच्या प्लास्टिक डब्यात तळाला पोटॅशियम क्लोराइडचं संपृक्त द्रावण ठेवा, म्हणजे पाण्यात ते विरघळायचं थांबून तळाशी खडे उरले पाहिजेत. वर जाळी, जाळीवर कुप्या. २५ अंशाला या द्रावणावरच्या हवेची आर्द्रता सुमारे ८४ टक्के राहते. साध्या मिठाच्या संपृक्त द्रावणावर ती ७५ टक्क्यांच्या आसपास राहते. कृषी सेवा केंद्रातलं म्युरेट ऑफ पोटॅशही मुळात पोटॅशियम क्लोराइडच, पण त्यात इतर गोष्टी असतात. ते वापरलंत तर आत आर्द्रतामापक ठेवून आकडा बघा. तळाचे खडे संपले की आर्द्रता वर सरकते, म्हणून दर दोन दिवसांनी नजर टाका.

रात्री वीज गेली की थर्मोस्टॅटची पेटी थंड पडते आणि अंडी घालणं दिवस-दीड दिवसानं पुढे जातं. पेटीत कमाल-किमान तापमापी ठेवा. ‘तिसऱ्या दिवशी अंडी का नाहीत’ या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा तिथेच असतं.

पायरी ५: रोज दोन कापा

ही पायरी घाईत उरकू नका. सगळं शिकणं इथे आहे.

द्रावण म्हणून १.२ टक्के मीठ घ्या, म्हणजे एक लीटर ऊर्ध्वपातित पाण्यात १२ ग्रॅम सोडियम क्लोराइड. सस्तन प्राण्यांचं ०.९ टक्क्यांचं सलाइन गोचिडीला पातळ पडतं. अंडपेशी पाणी ओढून फुगतात आणि मापं चुकतात. मेण ओतलेल्या डिशमध्ये दुहेरी चिकटपट्टीवर गोचीड पोटावर चिकटवा, पाठ वर. वरून सलाइन ओता. बारीक ब्लेडनं कडेकडेनं गोल फक्त कातडीपुरता काप घ्या आणि पाठीची कातडी चिमट्यानं मागून पुढे उचला. ब्लेड खोल गेलं की आतड्यांच्या काळ्या पिशव्या फुटतात आणि सगळं काळंकुट्ट होतं. तसं झालं तर सलाइन बदलत राहा, घाबरून कापत सुटू नका.

आता ओळख. काळ्या-लालसर फांद्या म्हणजे मध्यांत्र. रुपेरी धागे श्वासनलिकांचे. पुढच्या दोन्ही बाजूंना लाळग्रंथी, ताज्या असताना तासगावच्या द्राक्षांच्या घडासारख्या मणीदार. अन्ननलिका ज्याच्यातून आरपार जाते तो पुढचा छोटा पांढरा गोळा म्हणजे सिनगँग्लियन. मेदपिंड शोधताना बरेच जण अडतात: तो एकसंध गोळा नसतो, श्वासनलिकांच्या आणि कातडीच्या कडेनं पसरलेल्या पातळ पांढरट पट्ट्या असतात.

मागच्या अर्ध्या भागात, आतड्याखाली, घोड्याच्या नालाच्या आकाराची एकच नळी म्हणजे अंडाशय. इथे नवशिक्यांची हमखास चूक होते. माल्पिघी नलिकाही (उत्सर्जनाच्या नळ्या) लांब, पांढऱ्याशुभ्र आणि वेड्यावाकड्या पसरलेल्या असतात, त्यांनाच अंडाशय समजून लोक फोटो काढतात. फरक सोपा आहे: अंडाशयाच्या बाहेरच्या बाजूला मणी लोंबतात, माल्पिघी नलिका गुळगुळीत असते. प्रत्येक मणी म्हणजे एक अंडपेशी, देठानं अंडाशयाला जोडलेली. तिच्याभोवती पोषक पेशींचं वेष्टण नसतं, ती थेट हिमोलिम्फमध्ये बुडलेली असते आणि प्रथिन तिथूनच घेते.

अंडपेशींच्या पाच अवस्था धरतात. पहिली पारदर्शक, आत मोठं गोल केंद्रक ठळक. दुसरी लांबट, केंद्रक देठाकडे सरकलेलं. तिसरीत बारीक कण सगळीकडे पसरतात आणि केंद्रक दिसेनासं होतं. चौथी मोठी, लहानमोठ्या पीतककणांनी भरलेली, कवच बनू लागलेलं. पाचवी गच्च, गडद तपकिरी, जाड कवचाची. एकाच अंडाशयात पाचही अवस्था एका वेळी असतात, त्यामुळे ‘आज अंडाशय तिसऱ्या अवस्थेत’ असं लिहू नका. प्रत्येक मादीतल्या सर्वांत मोठ्या २० अंडपेशी मोजा: लांबी, रुंदी, अवस्था, रंग. घनफळ हवं असेल तर लांबी गुणिले रुंदीचा वर्ग गुणिले ०.५२. मापं ताज्या अंडाशयावरच घ्या. बुइनच्या द्रावणात (संपृक्त पिक्रिक आम्ल ७५ मिली, फॉर्मेलिन २५ मिली, ग्लेशियल अॅसिटिक आम्ल ५ मिली) टाकल्यावर सगळं आक्रसतं आणि पिवळं होतं, रंगाची नोंद कायमची जाते.

पूर्ण भरलेल्या मादीत गळल्याच्या दिवशी बहुतेक अंडपेशी फिकट असतात. पुढच्या दोन-तीन दिवसांत तपकिरी मण्यांची संख्या झरझर वाढते. त्याच दिवसांत लाळग्रंथींचे मणी सुरकुततात. दोन्ही शेजारी-शेजारी नोंदवा. हॉर्मोन मोजायचं यंत्र तुमच्याकडे नसलं तरी त्याची ही दोन कामं डोळ्यांना दिसतात.

पायरी ६: अंडी

प्रत्येक गटातल्या निम्म्या माद्या न कापता ठेवा. भरलेली मादी साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंडी घालायला लागते आणि दोन आठवड्यांत संपवते. अंड्यांचं एकूण वजन भागिले मादीचं सुरुवातीचं वजन, गुणिले १००, हा अंडी-निर्देशांक. २२० मिग्रॅची मादी ११० मिग्रॅ अंडी घालते तर निर्देशांक ५०. निरोगी भरलेल्या मादीत तो ५०-६० च्या आसपास मिळायला हवा. १ ग्रॅममध्ये सुमारे २०,००० अंडी धरतात, म्हणजे ही २,२०० अंडी झाली. भरलेल्या गटाचाच निर्देशांक ३० च्या खाली येत असेल तर औषधाचा प्रश्न मालकाला पुन्हा विचारा.

एक मादी पाठीवर चिकटवून मायक्रोस्कोपखाली अंडी घालताना जरूर बघा. अंडं बाहेर येतं तेव्हा ती तोंड खाली वाकवते, तोंड आणि पाठीच्या ढालीमधल्या फटीतून एक ओलसर, बोटांसारखी पिशवी बाहेर येते, अंड्याला चोळते आणि परत जाते. हा जेनेचा अवयव. तो अंड्याला मेणाचा लेप देतो. त्या फटीवर नेलपॉलिशचा बारीक ठिपका लावून अवयव बंद केलात तर अंडी येतात पण लेपाविना, आणि काही दिवसांत चिंबतात. हा तुलनेचा गट ठेवाच. नाहीतर सुकलेली अंडी बघून ‘पीतक कमी पडलं’ असा निष्कर्ष निघतो. सुकलेलं अंडं तीन कारणांनी मिळतं: पीतक कमी, लेप नाही, किंवा पेटी कोरडी. पेटीचं कारण तपासायला मिठाच्या ७५ टक्क्यांच्या डब्यात चांगली अंडी थोडी ठेवून बघा.

पायरी ७: हॉर्मोन टोचणं

आधीच्या पायऱ्या सवयीच्या झाल्यावरच हे करा. यासाठी २५ ते ७५ मिग्रॅचा गट घ्या, ज्यांच्यात स्वतःहून अंडी कमी किंवा नाहीत.

२०-हायड्रॉक्सिएक्डिसोनची १ मिग्रॅ पावडर १०० मायक्रोलीटर इथेनॉलमध्ये विरघळवा आणि उणे २० अंशाला ठेवा. यातले २५ मायक्रोलीटर, १.२ टक्के सलाइनच्या ९७५ मायक्रोलीटरमध्ये मिसळा. एका मायक्रोलीटरमध्ये २५० नॅनोग्रॅम झालं आणि इथेनॉल २.५ टक्क्यांवर राहिलं. त्यातून १०-१० पट पातळ करत २५ आणि २.५ नॅनोग्रॅमची द्रावणं बनवा, पण पातळ करताना सलाइनमध्येही २.५ टक्के इथेनॉल असू द्या. तुलनेच्या गटाला हॉर्मोनशिवाय तेच इथेनॉलयुक्त सलाइन. आणखी एक गट काहीच न टोचता ठेवा, म्हणजे सुईच्या जखमेचा परिणाम वेगळा काढता येईल.

मात्रा ५० मिग्रॅ वजनाला १ मायक्रोलीटर. ५ मायक्रोलीटरची हॅमिल्टन सिरिंज, ३३ गेजची सुई. पोटाच्या बाजूनं, मागच्या उजव्या भागात, कडेजवळून कातडीला जवळजवळ समांतर सुई सरकवा. सरळ खाली खुपसली की आतडं फुटतं आणि गोचीड दुसऱ्या दिवशी मरते. टोचल्यावर सुई दहा सेकंद तशीच धरा, मग काढा. थेंब बाहेर आला तर ती मादी मोजणीतून वगळा, ‘थोडंच गळलं’ म्हणून ठेवू नका.

चौथ्या आणि आठव्या दिवशी कापा. निकाल असा वाचा. अंडपेशी तपकिरी आणि मोठ्या: प्रथिन बनलं आणि आत गेलं. अंडपेशी पांढऱ्या, पण पाय कापून केशनळीत घेतलेल्या हिमोलिम्फमध्ये प्रथिन तुलनेच्या गटापेक्षा बरंच जास्त: प्रथिन वाढलं, आत गेलं नाही. ते व्हायटेलोजेनिनच आहे हे ठरवायला जेल इलेक्ट्रोफोरेसिसवर (प्रथिनं आकारानुसार वेगळी करण्याच्या पद्धतीवर) भरलेल्या मादीच्या हिमोलिम्फशी तुलना करावी लागते, नुसत्या एकूण प्रथिनाच्या आकड्यावर दावा करू नका. लाळग्रंथी विरल्या पण अंडाशय जसंच्या तसं: हॉर्मोन पोचलं, पण अंड्यांच्या साखळीतली पुढची कडी नाही. काहीच बदल नाही: हॉर्मोन खराब, मात्रा कमी, किंवा टोचताना गळलं. प्रत्येक मादीची शुक्रग्राहिका भरलेली होती की रिकामी हे याच तक्त्यात लिहा, आणि दोन प्रकार वेगळे करूनच सरासरी काढा. मिसळलेल्या सरासरीत खरा परिणाम बुडून जातो.

जास्तीत जास्त मात्रेला गोचिडी मेल्या तर तो अंड्यांवरचा परिणाम म्हणून मांडू नका. तो विषारीपणा आहे, वेगळ्या रकान्यात जातो.

शेवटी, सामान आवरताना

फेकून दिलेली भरलेली मादी मातीतही अंडी घालते, आणि गोठ्याच्या भिंतीच्या भेगा तिला पेटीइतक्याच मानवतात. म्हणून एकही जिवंत मादी किंवा अंडं कचऱ्यात जाता कामा नये. कापलेले अवशेष आणि मेलेल्या माद्या ७० टक्के अल्कोहोलमध्ये. अंड्यांवर मेणाचा लेप असतो, त्यांना अल्कोहोलवर सोडू नका. ती कुपीसकट उकळत्या पाण्यात अर्धा तास ठेवा, ऑटोक्लेव्ह असेल तर उत्तम. २७ अंशाला अंडी साधारण तीन आठवड्यांनी फुटतात. अळ्या कापसाच्या बोळ्याच्या कडेनंही निसटतात, म्हणून अठराव्या दिवसापासून कुप्यांना दुहेरी मलमल लावा आणि कुप्यांचा ट्रे साबणाच्या पाण्याच्या परातीत ठेवा.